पेणचे पोहे, यकृताचा जमाखर्च : पेशींच्या चयापचयाचं मॉडेल शीटवर मांडा, पायरी पायरीनं

चला, लॅपटॉप उघडा आणि खुर्ची पुढे ओढा. पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयात विज्ञान शिकत असाल, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात असाल किंवा रोह्यात घरी बसून मुलांना जीवशास्त्र शिकवत असाल, हे काम तुम्हाला नक्की जमेल. आज आपण सकाळी पोटभर पोहे खाल्ल्यावर यकृताच्या पेशी ग्लुकोज कसं उचलतात, कसं साठवतात आणि कसं परत देतात हे मिनिटामिनिटाला दाखवणारं मॉडेल तयार करणार आहोत. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायला नको. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि घात एवढं पुरे.

एकच गोष्ट मनाशी पक्की ठेवा. हे मॉडेल म्हणजे किराणा दुकानाची वही आहे : किती आलं, किती गेलं, किती उरलं. वहीचा ताळा जुळला तरच आलेखावर विश्वास ठेवायचा.

काय लागेल

- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. मोबाईलवर जमेल, पण बोटं दुखतील.
- एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क किंवा गुगल शीट्स, यांपैकी एक. लिबरऑफिस फुकट मिळतं.
- साधा कॅल्क्युलेटर, पडताळणीसाठी.
- कोरा कागद आणि पेन्सिल.
- एक निवांत दुपार.

लिहिण्याची खूण

खाली सेलची नावं मराठी अक्षरांत दिली आहेत : बी८ म्हणजे बी रकान्यातली आठवी ओळ. कीबोर्डवर मात्र अक्षरंही इंग्रजी टाका आणि अंकही इंग्रजीच टाका. देवनागरी अंकांना शीट मजकूर समजू शकतं आणि मग हिशेब होत नाही. डॉलरचं चिन्ह $ जिथे आहे तिथे ते टाकायचंच. त्यानं तो सेल जागचा हलत नाही. टोपीचं चिन्ह ^ म्हणजे घात, आणि ते कीबोर्डवर सहाच्या आकड्याबरोबर असतं.

भाग पहिला : कागदावर चित्र

१. कागदावर चार चौकोन काढा आणि त्यांत लिहा : पोट, आतडं, रक्त, यकृतातलं ग्लायकोजेन. हे आपले चार साठे. *जपून :* पाचवा चौकोन काढण्याचा मोह आवरा. आधी चार चालू देत.

२. पोटातून आतड्याकडे आणि आतड्यातून रक्ताकडे एकेक बाण काढा. *जपून :* हे दोन्ही बाण एकाच दिशेचे आहेत, परतीचा बाण नाही.

३. रक्त आणि ग्लायकोजेन यांच्यामध्ये दोन बाण काढा, एक आत जाणारा आणि एक बाहेर येणारा. *जपून :* दोन्ही मिळून एकच बाण काढू नका. यकृताच्या पेशी एकाच वेळी घेतातही आणि देतातही. दोन्ही वेगळे मोजले तरच पुढे गंमत कळते.

४. रक्तातून बाहेर जाणारे दोन बाण काढून त्यांवर लिहा : मेंदू, स्नायू. *जपून :* मेंदूचा बाण दिवसरात्र सारखाच असतो. तो बंद करायचा नाही.

५. रक्तात येणारा आणखी एक बाण काढून त्यावर लिहा : नवं ग्लुकोज. यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्लांपासून ताजं ग्लुकोज बनवतं, त्याचा हा बाण. *जपून :* हे ग्लायकोजेनच्या चौकोनातून येत नाही, तेव्हा तिथून ते वजा करू नका.

चित्र झालं? आता हाच कागद डाव्या हाताला ठेवा. पुढचं प्रत्येक सूत्र यातल्या एकेका बाणाचं आहे.

भाग दुसरा : आकडे मांडा

६. नवी शीट उघडून तिला नाव द्या, उदाहरणार्थ "यकृत-पोहे". *जपून :* नाव आत्ताच द्या आणि सेव्ह करा. पावसाळ्यात दुपारी वीज कधी जाईल सांगता येत नाही.

७. ए१ ते ए१५ मध्ये खालची नावं आणि शेजारी बी१ ते बी१५ मध्ये आकडे टाका.

- बी१ : पोह्यांतली कर्बोदकं, ५० ग्रॅम
- बी२ : ग्लुकोज पसरतं तो द्रव, १२० डेसिलिटर
- बी३ : वेळेचं पाऊल, =५/६० (पाच मिनिटं, तासांत)
- बी४ : पचनाचा वेग, १
- बी५ : मेंदू, ताशी ५ ग्रॅम
- बी६ : स्नायू आणि इतर, ताशी २.२ ग्रॅम
- बी७ : नवं ग्लुकोज, ताशी ३.५ ग्रॅम
- बी८ : यकृतात शिरण्याचा कमाल वेग, ताशी ३० ग्रॅम
- बी९ : ग्लुकोकायनेज अर्ध्या ताकदीनं चालतं ती पातळी, १४४
- बी१० : ग्लुकोकायनेजचा घात, १.७
- बी११ : ग्लायकोजेन तुटण्याचा कमाल वेग, ताशी २० ग्रॅम
- बी१२ : यकृतात मावणारं ग्लायकोजेन, १०० ग्रॅम
- बी१३ : उपाशीपोटीची रक्तशर्करा, ९०
- बी१४ : हॉर्मोनच्या जोराचा घात, ४
- बी१५ : ग्लायकोजेन कमी पडू लागतं ती पातळी, १० ग्रॅम

*जपून :* बी रकान्यात फक्त आकडा टाका. "५० ग्रॅम" असं लिहिलंत तर शीट त्याला शब्द समजेल.

८. बी१ चा आकडा स्वयंपाकघरात तपासून घ्या. कोरड्या पोह्यांत १०० ग्रॅममागे साधारण ७७ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणून ६५ ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. पेणचे जाड पोहे वाटीनं मोजू नका, काट्यावर मोजा. *जपून :* वजन भिजवण्याआधी घ्या. भिजल्यावर पाण्याचंही वजन येतं.

९. बी२ चा आकडा स्वतःच्या वजनाशी जुळवा : किलोतल्या वजनाची दुप्पट. ६० किलोच्या माणसासाठी १२०. *जपून :* पहिल्यांदा १२० च ठेवा, म्हणजे खाली दिलेल्या उत्तरांशी तुमची उत्तरं जुळतील. स्वतःचं वजन मागाहून टाका.

१०. बी९ कडे एकदा नीट बघा. यकृतातलं ग्लुकोकायनेज हे एन्झाइम लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल ग्लुकोज असताना अर्ध्या ताकदीनं चालतं, आणि १ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरमागे १८ मिलिग्रॅम. ८ गुणिले १८ म्हणजे १४४. *जपून :* परदेशी पुस्तकातला आकडा उचलताना एकक बघा. ८ तसाच टाकलात तर यकृत सतत पूर्ण वेगानं ग्लुकोज ओढत राहील.

भाग तिसरा : पहिली ओळ

११. अठराव्या ओळीत ए पासून एम पर्यंत मथळे लिहा : वेळ, पोट, आतडं, रक्त, ग्लायकोजेन, पोटातून, आतड्यातून, यकृतात आत, यकृतातून बाहेर, स्नायू, साठा, खर्च, ताळा. *जपून :* क्रम बदलू नका. पुढची सगळी सूत्रं याच क्रमावर उभी आहेत.

१२. ए१९ मध्ये ० टाका. ही खाण्याची वेळ. *जपून :* घड्याळातली वेळ टाकू नका, शून्यच हवं.

१३. बी१९ मध्ये =$बी$१ टाका. सगळे पोहे आत्ता पोटात आहेत. *जपून :* इथे ५० हाताने लिहू नका. उद्या पोहे बदलले की हा सेल आपोआप बदलायला हवा.

१४. सी१९ मध्ये ०, डी१९ मध्ये ९० आणि ई१९ मध्ये ५० टाका. रात्रभराच्या उपवासानंतर यकृतातलं ग्लायकोजेन आपण निम्मं धरलं आहे. *जपून :* ई१९ मध्ये १०० टाकलंत तर यकृत काठोकाठ भरलेलं असेल आणि नवं काहीच आत घेणार नाही.

१५. एफ१९ मध्ये हे टाका :
=$बी$४*बी१९
उत्तर ५० यायला हवं. *जपून :* पहिल्या बी४ ला डॉलर आहेत, बी१९ ला नाहीत.

१६. जी१९ मध्ये हे टाका :
=$बी$४*सी१९
उत्तर ०. *जपून :* शून्य बघून दचकू नका. आतड्यात अजून काही पोचलेलंच नाही.

१७. एच१९ मध्ये यकृतात शिरणारं ग्लुकोज मांडा :
=$बी$८*डी१९^$बी$१०/($बी$९^$बी$१०+डी१९^$बी$१०)*(१-ई१९/$बी$१२)
उत्तर ४.६५. *जपून :* इथे कंस सर्वांत जास्त चुकतात. वेगळंच काही आलं तर कंस मोजा : दोन उघडे, दोन बंद.

१८. आय१९ मध्ये ग्लायकोजेन तुटून बाहेर पडणारं ग्लुकोज मांडा :
=$बी$११/(१+(डी१९/$बी$१३)^$बी$१४)*ई१९/(ई१९+$बी$१५)
उत्तर ८.३३. *जपून :* रक्तातलं ग्लुकोज वाढलं की हा आकडा कमी व्हायला हवा. खात्रीसाठी डी१९ मध्ये क्षणभर १५० टाकून बघा, १.९ च्या आसपास यायला हवं. बघून झालं की लगेच ९० परत टाका.

१९. जे१९ मध्ये स्नायूंचा वाटा मांडा :
=$बी$६*(डी१९/$बी$१३)^$बी$१४
उत्तर २.२. जेवणानंतर इन्सुलिन वाढून स्नायू जास्त ग्लुकोज ओढतात, तो सगळा जोर आपण या चौथ्या घातात भरला आहे. *जपून :* डी१९ आणि बी१३ यांची अदलाबदल झाली तर स्नायू उलटे वागतील.

२०. कॅल्क्युलेटर घ्या आणि उपाशीपोटीचा हिशेब करा : ८.३३ अधिक ३.५ वजा ४.६५. येतात ७.१८ ग्रॅम. हे यकृत ताशी देतं. मेंदू ५ आणि स्नायू २.२ मिळून घेतात ७.२. जवळपास बरोबरी! *जपून :* इथे मोठी तफावत असेल तर पुढे जाऊ नका. सातव्या पायरीतला एखादा आकडा चुकला आहे.

भाग चौथा : दुसरी ओळ

२१. ए२० मध्ये =ए१९+$बी$३*६० टाका. उत्तर ५. *जपून :* थेट ५ लिहू नका. पुढे पाऊल बदलायचं आहे.

२२. बी२० मध्ये =बी१९-एफ१९*$बी$३ टाका. उत्तर ४५.८३. *जपून :* पावलानं गुणायला विसरलात तर सगळे पोहे पहिल्या पाच मिनिटांतच संपतील.

२३. सी२० मध्ये =सी१९+(एफ१९-जी१९)*$बी$३ टाका. उत्तर ४.१७. *जपून :* पोटातून निघालेलं इथे अधिक होतं, वजा नाही.

२४. डी२० मध्ये रक्ताचं सूत्र टाका :
=डी१९+(जी१९+आय१९+$बी$७-एच१९-$बी$५-जे१९)*$बी$३*१०००/$बी$२
उत्तर ८९.९९. *जपून :* शेवटचं १००० ग्रॅमचे मिलिग्रॅम करतं आणि बी२ नं भागल्यावर डेसिलिटरमागचा आकडा मिळतो. हे दोन्ही राहिले तर रक्त जेमतेमच हलेल.

२५. ई२० मध्ये =ई१९+(एच१९-आय१९)*$बी$३ टाका. उत्तर ४९.६९. *जपून :* पोहे खाल्ल्यावर लगेच ग्लायकोजेन वाढायला हवं असं वाटेल. नाही! पहिली काही मिनिटं ते घटतंच, कारण पोहे अजून रक्तात आलेले नसतात.

२६. एफ१९ ते जे१९ निवडून कॉपी करा आणि एफ२० वर पेस्ट करा. *जपून :* फक्त हे पाच सेल. ए ते ई चुकूनही कॉपी करू नका, ते सुरुवातीचे आकडे आहेत.

भाग पाचवा : ताळा लावा

२७. के१९ मध्ये चारही साठ्यांची बेरीज टाका :
=बी१९+सी१९+डी१९*$बी$२/१०००+ई१९
उत्तर ११०.८. *जपून :* रक्त मिलिग्रॅममध्ये आहे, म्हणून त्याचे आधी ग्रॅम करायचे. तसंच बेरजेत घातलंत तर उत्तर १९० येईल.

२८. एल१९ मध्ये ० टाका. *जपून :* सेल रिकामा सोडू नका, शून्य लिहा.

२९. एल२० मध्ये हे टाका :
=एल१९+($बी$५+जे१९-$बी$७)*$बी$३
उत्तर ०.३१. मेंदू आणि स्नायूंनी वापरलेल्यातून यकृतानं नव्यानं बनवलेलं वजा केलं, की हा निव्वळ खर्च. *जपून :* बी७ वजा करायला विसरू नका.

३०. एम१९ मध्ये =के१९+एल१९ टाका. *जपून :* उत्तर ११०.८ च यायला हवं.

३१. के१९ कॉपी करून के२० वर आणि एम१९ कॉपी करून एम२० वर पेस्ट करा. एम२० मध्येही ११०.८ आलं? शाब्बास! एक ग्रॅमही हरवलेला नाही. *जपून :* ११०.८ न येता वेगळंच काही आलं तर २२ ते २५ या पायऱ्यांतलं एखादं अधिक-वजा उलटं पडलं आहे. ताळा जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही, कितीही घाई असली तरी.

भाग सहावा : सहा तास चालवा

३२. ए२० ते एम२० निवडा आणि सेलचा उजवा खालचा कोपरा धरून ९१ व्या ओळीपर्यंत खाली ओढा. *जपून :* ए९१ मध्ये ३६० दिसलं पाहिजे. कमी-जास्त असेल तर ओढणं अर्धवट झालं आहे.

३३. २१ वी ओळ या आकड्यांशी पडताळा : पोट ४२.०१, आतडं ७.६४, रक्त ९२.८४, ग्लायकोजेन ४९.३९. *जपून :* रक्त जुळत नसेल तर कुठेतरी एक डॉलर राहिला आहे. डी२१ वर क्लिक करून बघा, त्यात बी४ किंवा बी६ असं सरकलेलं काही दिसेल.

३४. एम रकाना वरपासून खालपर्यंत नजरेखालून घाला. प्रत्येक ओळीत ११०.८ हवं. *जपून :* शेवटची ओळही बघा. मधेच एखादा सेल हातानं बदलला गेला असेल तर ताळा तिथून पुढे बिघडलेला दिसतो.

३५. ए१८ ते ए९१ निवडा, मग कंट्रोल कळ दाबून धरून डी१८ ते डी९१ निवडा आणि आलेख घाला. प्रकार निवडा : स्कॅटर, रेघांसह. *जपून :* नुसता "लाईन" प्रकार घेऊ नका. तो वेळेलाही एक वेगळी रेघ समजू शकतो.

३६. आलेख वाचा. रक्ताची रेघ सव्वा ते दीड तासाच्या सुमारास १३५ ते १४० च्या मध्ये शिखर गाठते आणि मग हळूहळू ९० कडे उतरते. *जपून :* शिखर २०० च्या वर गेलं तर बी४ किंवा बी१४ तपासा.

३७. तसाच दुसरा आलेख ए आणि ई रकान्यांचा काढा. ग्लायकोजेन आधी थोडं घटतं, मग चढतं आणि तीन-साडेतीन तासांच्या दरम्यान सर्वांत वर जातं. रक्त उतरायला लागलेलं असतं तरी यकृताचा साठा अजून वाढत असतो. हीच तर बघण्यासारखी गोष्ट! *जपून :* दोन्ही रेघा एकाच आलेखात टाकू नका, पट्टी वेगळी असल्यानं चढउतार नीट दिसत नाही.

भाग सातवा : मॉडेलची परीक्षा

३८. कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये =मॅक्स(डी१९:डी९१) टाका आणि आलेला आकडा कागदावर लिहून ठेवा. *जपून :* मॅक्स हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाका.

३९. बी३ बदलून =२.५/६० करा. आता तीनच तास दिसतील, पण शिखर त्यात येतं. मॅक्सचा आकडा एक-दोन अंकांपेक्षा जास्त हलायला नको. *जपून :* जास्त हलला तर पाऊल अजून मोठं आहे. याहूनही लहान करा आणि ओळी वाढवा.

४०. बी३ मध्ये =६०/६० टाकून बघा. रक्त एकदम उसळतं, लगेच उणे होतं आणि सेलमध्ये चूक दाखवणारी खूण येते. हे यकृताचं वागणं नव्हे, आपलं पाऊल फार मोठं झालं. *जपून :* बघून झालं की =५/६० परत टाका आणि टाकलं की नाही ते पुन्हा बघा.

४१. बी१ मध्ये ० टाका. धाटावच्या कारखान्यातली पहिली पाळी गाठायला कुणी नाश्ता न करताच निघालं, असं समजा. सहा तासांनी रक्त ८० ते ८५ च्या मध्ये आणि ग्लायकोजेन ३० च्या आसपास दिसेल. यकृतानं स्वतःचा साठा मोडून रक्त सावरलं! *जपून :* इथे रक्त ६० खाली गेलं तर आय रकान्याचं सूत्र पुन्हा तपासा.

भाग आठवा : प्रयोग करा

प्रत्येक प्रयोगात एकच आकडा बदला, निकाल लिहा आणि आकडा मूळ जागी आणा. दोन आकडे एकदम बदलले तर फरक कुणामुळे पडला ते कळत नाही.

४२. बी१ मध्ये १०० टाका, म्हणजे पोह्यांची दुसरी बशी. शिखर चढतं, पण चढ दुप्पट होत नाही, कारण यकृत आणि स्नायू दोघंही जास्त जोरानं ओढतात. *जपून :* ताळ्याचा आकडा आता १६०.८ होईल. तो बरोबर आहे.

४३. बी१ परत ५० करा आणि बी४ मध्ये ०.५ टाका. समजा, पोह्यांबरोबर वालाची उसळ घेतली आणि पचन निम्म्या वेगानं झालं. शिखर ११५ च्या आसपास येतं आणि उशिरा येतं. *जपून :* सहा तासांत रेघ पूर्ण खाली येणार नाही. हवं तर ओळी १३९ पर्यंत ओढा, म्हणजे दहा तास होतील.

४४. बी४ परत १ करा. मग बी१ मध्ये ० आणि बी६ मध्ये ८.८ टाका. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात बसून रंगकाम करणारा माणूस आता उपाशीपोटी भातलावणीला उतरला, असं समजा. ग्लायकोजेन ४१ व्या पायरीतल्या वेगाच्या दीडपटीहून जास्त वेगानं उतरतं. *जपून :* इथे तुलना ४१ व्या पायरीशीच करा, पोहे खाल्लेल्या आलेखाशी नाही.

४५. बी६ परत २.२ करा, बी१ मध्ये ० राहू द्या आणि बी८ मध्ये १५ टाका. यकृतात शिरण्याची ताकद निम्मी झाली. काहीही न खाता रक्त तासाभरात ९५ च्या आसपास चढतं. *जपून :* हा आकडा बघून घरच्या कुणाच्या रिपोर्टवर निदान करू नका. तो हक्क डॉक्टरांचा.

४६. बी८ परत ३० आणि बी१ परत ५० करा, मग फाईल नव्या नावानं सेव्ह करा. *जपून :* मूळ फाईलवरच लिहिलंत तर उद्या पडताळायला काही उरणार नाही.

भाग नववा : खऱ्या बोटाशी गाठ

४७. घरात ग्लुकोमीटर असेल आणि निरोगी प्रौढ माणूस स्वतःहून तयार असेल, तर उपाशीपोटी आणि पोहे खाल्ल्यावर अर्ध्या, एक, दीड आणि दोन तासांनी रीडिंग घ्या. *जपून :* प्रत्येक माणसाला, प्रत्येक वेळी नवी सुई. दुसऱ्याची सुई वापरायची नाही म्हणजे नाही.

४८. ही रीडिंग ओ आणि पी रकान्यांत वेळेसह टाका आणि रक्ताच्या आलेखावर ठिपके म्हणून दाखवा. *जपून :* वेळ मिनिटांत टाका.

४९. ठिपके आणि रेघ जुळत नसतील तर आधी फक्त बी४ थोडा वरखाली करा. *जपून :* सगळे आकडे फिरवून रेघ ठिपक्यांवर बसवता येते, पण त्यातून यकृताविषयी काहीच कळत नाही. एका वेळी एकच.

५०. शीटच्या वर ठळक अक्षरांत लिहा : "हे मॉडेल शिकण्यासाठी आहे, औषधाचा डोस ठरवण्यासाठी नाही." मधुमेह असलेल्या कुणाचंही इन्सुलिन, गोळी किंवा जेवण यावरून बदलू नका. *जपून :* फाईल मित्राला पाठवाल तेव्हा ही ओळ खोडू नका.

अडलं तर

- सगळीकडे सारखाच आकडा आला : हिशेब आपोआप होण्याची सोय बंद आहे. एफ९ कळ दाबा.
- आकड्यांऐवजी ### दिसतं : रकाना अरुंद आहे. मथळ्याची कड ओढून रुंद करा.
- सूत्रच दिसतं, उत्तर नाही : सुरुवातीचं = राहिलं आहे.
- ग्लायकोजेन १०० च्या वर गेलं : एच मधला शेवटचा कंस सुटला आहे.
- ताळा हळूहळू सरकतो : एल रकान्यातल्या सूत्रात बी३, बी५ किंवा बी७ ला डॉलर नाही.

पुढे काय जोडाल

या शीटमध्ये यकृताच्या सगळ्या पेशी एकाच साच्याच्या धरल्या आहेत. ग्लुकोज आत शिरल्यावर आधी ग्लुकोज-६-फॉस्फेट बनतं, तोही टप्पा सोडला आहे. इन्सुलिन आणि ग्लुकागॉन एकाच घातात मिसळले आहेत. म्हणून पुढची भर याच क्रमानं घाला : आधी इन्सुलिनचा वेगळा रकाना, मग ग्लुकागॉनचा, मग ग्लुकोज-६-फॉस्फेटचा. शेवटचा टप्पा फार चपळ असतो, त्यासाठी पाच मिनिटांचं पाऊल चालणार नाही. तिथे शीट बाजूला ठेवा आणि कोपासी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. हेच हिशेब ते लहान पावलं आपोआप निवडून करतं.

त्याही पुढे जायचं असेल तर दोन दिशा आहेत. पवईच्या आयआयटीत रासायनिक अभियांत्रिकी विभागातल्या के. व्ही. वेंकटेश यांच्या गटानं यकृताच्या चयापचयाची मॉडेलं केली आहेत. बर्लिनच्या शारिटेतल्या संशोधकांनी २०१२ साली यकृतातल्या ग्लुकोजचं सविस्तर मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यांची समीकरणं बघून घाबरू नका. प्रत्येक समीकरणात आत येणारा बाण कोणता आणि बाहेर जाणारा कोणता एवढंच शोधा. ते तुम्हाला आता ओळखता येतात.

आणि नवा रकाना जोडलात की पहिलं काम तेच : एम रकाना उघडा आणि शेवटच्या ओळीपर्यंत ताळा जुळतो का ते बघा. जुळला की मगच आलेख काढा.